इरावती कर्वे

डॉ. इरावती दिनकर कर्वे (जन्म : मिंजान, ब्रह्मदेश, १५ डिसेंबर १९०५; मृत्यू : पुणे, ११ ऑगस्ट १९७०) या मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मराठीतील श्रेष्ठ ललित निबंधकार होत्या. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील ‘युगान्त’ या ग्रंथामुळे सर्वसामान्य मराठी वाचक त्यांना ओळखतो. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ देशोदेशींच्या विद्यापीठांत अभ्यासला गेला. १९२८ ते १९३० या काळात त्यांनी बर्लिन येथे राहून मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. शास्त्रीय संशोधनाची शिस्त त्यांना या दोन वर्षांत लाभली. ज्या गुरूकडून ती लाभली त्याच्या आवडत्या सिद्धांताला मात्र त्यांचा प्रबंध प्रतिकूल ठरला. त्यांच्या चरित्रात हा भाग सहसा एका ओळीत आटोपला जातो. म्हणून येथे तो विस्ताराने दिला आहे.

बालपण

इरावतीबाईंचे माहेरचे आडनाव करमरकर. वडील गणेश हरी करमरकर हे ब्रह्मदेशातील एका कापूस कंपनीत नोकरीला होते. मुलीचा जन्म त्या देशात झाला, म्हणून तेथील इरावती या महानदीचे नाव तिला ठेवण्यात आले. आईचे नाव भागीरथी. आई आणि मुलगी दोघींची नावे नद्यांची, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास पाठवण्यात आले. १८८४ साली सुरू झालेली हुजूरपागा ही मुलींची शाळा तेव्हा चांगली नावारूपाला आली होती आणि परगावच्या मुलींची राहण्याची सोयही तेथे होती. आईवडील समुद्रापलीकडे आणि सात वर्षांची मुलगी पुण्यात, अशी ही व्यवस्था होती. घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना बर्लिनच्या कितीतरी आधी मिळाला होता.

परांजपे यांच्या घरी

हुजूरपागेत त्यांची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली. शकुंतलाबाईंचे वडील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. परांजपे कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी ठेवून घेतले आणि दुसऱ्या मुलीसारखे वाढवले. शकुंतलाबाई पुढे स्वतः केंब्रिजला गणित शिकण्यास गेल्या.

या घराचा संस्कार मोठा होता. रँग्लर परांजपे हे बुद्धिवादी आणि निरीश्वरवादी होते. घरात इंग्रजी ग्रंथांचे वाचन होई आणि मुलामुलींत भेद केला जात नसे. विलायतेला जाऊन शिकणे ही त्या काळच्या मध्यमवर्गाला अद्भुत वाटणारी गोष्ट त्या घरात नित्याच्या बोलण्यातली होती. आपणही तसे जावे, ही कल्पना इरावतीच्या मनात येथेच रुजली असावी.

महाविद्यालयीन शिक्षण व विवाह

फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या १९२६ मध्ये बी.ए. झाल्या आणि त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली. ही फेलोशिप म्हणजे पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचे इंग्रजी अमलात झालेले रूपांतर. रमण्यात ज्या दानासाठी शास्त्रीपंडितांची रीघ लागे, त्याच परंपरेतला पैसा शंभर-सव्वाशे वर्षांनी एका तरुण स्त्रीच्या समाजशास्त्राच्या अभ्यासाला उपयोगी पडला.

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात त्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. घुर्ये हेही केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेले होते. इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे आपल्याच जातीवर, प्रबंध लिहिला आणि १९२८ साली एम.ए. पदवी मिळवली.

याच सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक होते. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील आणि संततिनियमनाचा पुरस्कार करणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे थोरले बंधू. हे स्थळ इरावतीबाईंच्या वडिलांना मात्र पसंत नव्हते. मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरात पडावी, अशी त्यांची इच्छा होती. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत राहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती. तेथील विद्यापीठांची शिस्त त्यांनी अनुभवली होती आणि पत्नीनेही तेथेच जावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

जर्मनीस जाण्याचा निर्णय

या बेताला विरोध झाला तो घरातूनच, आणि तोही महर्षी कर्वे यांच्याकडून. विधवाविवाह स्वतः करून दाखवणाऱ्या, हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणाऱ्या महर्षींना सुनेचे परदेशगमन मान्य नव्हते. पुष्कळ वाचकांना याचे आश्चर्य वाटते. परंतु सुधारकाच्या सुधारणेलाही मर्यादा असतात आणि त्या बहुधा त्याच्या स्वतःच्या घराच्या उंबरठ्यापाशी दिसू लागतात. महर्षी स्वतः १९२९ मध्ये महिला विद्यापीठाच्या प्रचारासाठी युरोप, अमेरिका आणि जपान अशा दीर्घ प्रवासास निघाले, तेव्हा त्यांची सून बर्लिनमध्ये शिकत होती.

विरोध बाजूला ठेवून दिनकररावांनी आणि इरावतीबाईंनी पैशाची तजवीज केली. काँग्रेसचे कार्यकर्ते डॉ. जीवराज मेहता यांनी त्यांना कर्ज दिले. हेच जीवराज मेहता १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. परदेशी शिक्षण म्हणजे संस्थानिकाची मेहेरबानी, सरकारी शिष्यवृत्ती किंवा सावकाराचे ऋण, यांपैकी एक काहीतरी पदरी घेणे, अशीच तेव्हा बहुतेकांची स्थिती होती. कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याला अपयश परवडत नाही, ही गोष्ट पुढचा भाग वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे.

नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीला गेल्या. त्यांना तेविसावे वर्ष पूर्ण व्हायचे होते.

त्या काळी भारतीय विद्यार्थ्यांचा ओढा मुख्यत्वे इंग्लंडकडे असे. बॅरिस्टरी, आय.सी.एस. आणि वैद्यक या वाटा तिकडूनच जात. जर्मनीकडे वळणारे थोडे, आणि त्यांत रसायन व अभियांत्रिकी शिकणारे अधिक. तरीही बर्लिनला भारतीयांचे एक छोटे वर्तुळ होते. झाकिर हुसेन तेथूनच १९२६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले होते. राममनोहर लोहिया १९२९ मध्ये तेथे दाखल झाले. राज्यकर्त्यांच्या देशात न जाता त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या देशात शिकण्यात काहींना राजकीय समाधानही वाटे. जर्मन प्राध्यापकांना संस्कृत विद्येविषयी आदर होता, त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला तेथे एक वेगळी प्रतिष्ठा मिळे. हा आदर प्राचीन भारताविषयी होता. वर्तमानकाळातील सावळ्या माणसाविषयी तो तसाच असेल, याची हमी नव्हती.

बर्लिनमधील दोन वर्षे

इरावतीबाई ज्या संस्थेत दाखल झाल्या तिचे नाव होते कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्था. बर्लिनच्या नैर्ऋत्येला डालेम या शांत, झाडीच्या उपनगरात १९२७ साली ती सुरू झाली होती. डालेम म्हणजे तेव्हाच्या जर्मन विज्ञानाची पंढरीच होती. ओटो हान आणि लिझे माइटनर यांची प्रयोगशाळा तेथेच होती, फ्रिट्झ हाबर यांची संस्थाही तेथेच. पुण्यामुंबईकडून आलेल्या विद्यार्थिनीला अशा ठिकाणी जे ग्रंथालय, जी उपकरणे आणि कामाची जी पद्धत पाहायला मिळाली असेल, तिची तुलना मायदेशातल्या कशाशीच करता आली नसती.

त्यांनी जर्मन भाषा आत्मसात केली. मानवशास्त्राच्या जोडीने प्राणिशास्त्र, संस्कृत आणि तत्त्वज्ञान यांचाही अभ्यास केला. समाजशास्त्राकडून आलेल्या या विद्यार्थिनीला येथे हाडांशी, मोजमापांशी आणि संख्याशास्त्राशी झटावे लागले. कवटीची लांबी, रुंदी, उंची, निरनिराळ्या बिंदूंमधली अंतरे ठरलेल्या उपकरणांनी मोजायची, प्रत्येक माप वहीत नोंदवायचे, पुन्हा मोजून पडताळायचे आणि मगच त्याविषयी बोलायचे, ही शिस्त त्यांनी तेथे घेतली व आयुष्यभर पाळली.

बाहेरचे बर्लिन अस्वस्थ होते. पहिल्या महायुद्धातील पराभव, १९२३ मधील चलनाचा अभूतपूर्व ऱ्हास आणि त्यानंतरची थोडी स्थिरता, अशा अवस्थेतून जर्मनी जात होता. मे १९२९ मध्ये बर्लिनच्या कामगारवस्त्यांत पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि बेकारी वाढू लागली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. इरावतीबाईंनी आपला प्रबंध लिहिला तो हा काळ.

मार्गदर्शक आणि विषय

संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर यांचे नाव त्या वेळी युरोपभर गाजलेले होते. १९०८ साली त्यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत जाऊन गोऱ्या व आफ्रिकी लोकांच्या मिश्र संततीचा अभ्यास केला होता आणि १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. अशा संकराने गोऱ्या वंशाची हानी होते, असे त्यांचे मत होते. आनुवंशिकता आणि ‘वंशशुद्धी’ यांवर त्यांनी इतर दोघांबरोबर लिहिलेला ग्रंथ १९२१ पासून जर्मनीत प्रमाण मानला जात असे. थोडक्यात, इरावतीबाईंचे गुरू हे शिस्तबद्ध निरीक्षक होते आणि त्याच वेळी मनात पक्का पूर्वग्रह धरून बसलेले शास्त्रज्ञ होते.

इरावतीबाईंना मिळालेला विषय होता मानवी कवटीची स्वाभाविक असममिती. कोणत्याही माणसाच्या कवटीच्या उजव्या आणि डाव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. हा फरक सर्व मानवसमूहांत सारखाच आढळतो की वंशपरत्वे कमीअधिक असतो, हा प्रश्न होता. फिशर यांच्या मनातले उत्तर ठरलेले होते. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक विकसित असतो, त्याला सामावून घेण्यासाठी त्याची कवटी असममित होते आणि हे त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण होय, अशी त्यांची धारणा होती. हे मोजमापांनी सिद्ध व्हावे, अशी अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मापे घेतली. वेगवेगळ्या मानवसमूहांच्या या कवट्यांत जर्मनांच्या पूर्व आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या वसाहतीत १९०५ ते १९०७ या काळात माजी-माजी नावाचा उठाव झाला होता आणि तो अत्यंत क्रूरपणे मोडून काढण्यात आला होता. युरोपातील संग्रहालयांत साठलेली अशी हाडे कबरी उकरून, फाशी गेलेल्यांची प्रेते विच्छिन्न करून किंवा लढाईनंतर गोळा करून आणलेली असत. ज्यांची ती हाडे त्यांच्या आप्तांची संमती कोणी घेतली नव्हती. स्वतः गुलाम देशातून आलेल्या विद्यार्थिनीच्या टेबलावर दुसऱ्या गुलाम देशातील माणसांच्या कवट्या मापनासाठी ठेवलेल्या होत्या. त्या काळच्या मानवशास्त्रात ही नित्याची पद्धत होती, आणि प्रबंध तीच पद्धत स्वीकारून लिहिला गेला, हे नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष

मापे हाती आल्यावर जे निघाले ते गुरूच्या अपेक्षेप्रमाणे नव्हते. कवटीची असममिती आणि वंश यांत काही संबंध असल्याचे इरावतीबाईंना आढळले नाही. असममिती सर्वच समूहांत होती. ती कोणा एका वंशाची मिरास नव्हती. त्यांनी तेच प्रबंधात लिहिले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. मार्गदर्शक संस्थेचा संचालक, विद्यार्थिनी परकी, परतंत्र देशातील, कर्ज काढून आलेली आणि सासऱ्यांचा विरोध पत्करून आलेली. पदवी न मिळाल्यास परत जाऊन काय सांगायचे, हा प्रश्न तिच्यापुढे नसेल असे म्हणता येत नाही. मापांतून गुरूला हवा तसा अर्थ काढणे अशक्य नव्हते; त्या काळातील वंशशास्त्राचे पुष्कळसे साहित्य अशाच रीतीने तयार झाले आहे. इरावतीबाईंनी तसे केले नाही. प्रबंधाला पदवीपुरती मान्यता मिळाली, परंतु श्रेणी मिळाली ती सर्वांत खालची. १९३० साली त्या बर्लिन विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी प्रबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

अलीकडे काही लेखांतून या प्रसंगाला नाझी विचाराविरुद्धच्या बंडाचे रूप दिले जाते. हे थोडे अतिशयोक्त आहे. १९३० मध्ये नाझी सत्तेवर आलेले नव्हते, आणि इरावतीबाईंनी कोणती राजकीय घोषणाही केली नव्हती. वंश ही कल्पनाच निराधार आहे, असेही त्यांनी म्हटले नाही. त्यांनी इतकेच केले की मोजल्यावर जे दिसले ते लिहिले. परीक्षकाने दिलेली श्रेणी ही कधी कधी परीक्षकाविषयीच अधिक सांगते, एवढे मात्र दीर्घकाळ उत्तरपत्रिका तपासलेल्या कोणालाही मान्य व्हावे.

संस्थेचे पुढे काय झाले

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी हाबर यांनी आपले पद सोडले. १९३८ मध्ये माइटनर यांना देश सोडून पळून जावे लागले. फिशर यांची संस्था नव्या राजवटीच्या वंशविषयक कायद्यांना शास्त्राचा आधार पुरवू लागली. १९४२ साली त्यांच्या जागी ओटमार फॉन फेर्शुअर आले. आउश्वित्झच्या छळछावणीतील कुप्रसिद्ध डॉक्टर योझेफ मेंगेले हा त्यांचाच शिष्य, आणि त्याने त्या छावणीतील बळींचे अवशेष डालेमच्या या संस्थेकडे पाठवले होते. युद्धानंतर संस्था बंद पडली. तिची इमारत आज बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे.

२०१४ मध्ये त्या परिसरात बांधकामासाठी खणताना मानवी हाडे सापडली. पुढील उत्खननात हजारो तुकडे मिळाले. त्यांतील काही जुन्या मानवशास्त्रीय संग्रहांतली असावीत आणि काही नाझी काळातील गुन्ह्यांशी संबंधित असू शकतील, असे अभ्यासकांचे मत पडले. कोणाची हाडे कोणती हे निश्चित ठरवण्यासाठी आणखी चाचण्या करून त्यांची पुन्हा वंशावर विभागणी करायची नाही, असे ठरले आणि मार्च २०२३ मध्ये डालेमच्या दफनभूमीत सर्व अवशेष एकत्र पुरण्यात आले.

मायदेशी परतल्यावर

परत आल्यावर डॉक्टरेट असलेल्या या विदुषीला लगेच आपल्या विषयाचे काम मिळाले नाही. मानवशास्त्र शिकवणारी ठिकाणेच देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. १९३१ ते १९३६ या काळात त्या सासऱ्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. ज्या महर्षींनी परदेशगमनास विरोध केला त्यांच्याच संस्थेत परदेशी पदवी घेतलेल्या सुनेने कारभार पाहिला. कार्यालयीन कामात त्यांचे मन रमण्यासारखे नव्हते.

१९३९ मध्ये पुण्यातील डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले. तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि निवृत्त होईपर्यंत त्या तेथेच राहिल्या. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया हे त्यांचे सहकारी. गुजरातमधील लांघणज येथे सापडलेल्या प्राचीन मानवी सांगाड्यांच्या अभ्यासात दोघांनी एकत्र काम केले; बर्लिनमध्ये कमावलेली नजर येथे कामी आली. १९४७ साली दिल्लीत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या.

पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची आठवण जुने पुणेकर सांगत. नवरा-बायको एकमेकांना नावाने हाक मारीत आणि मुलेही आईला इरू व वडिलांना दिनू म्हणत, याचे तेव्हाच्या समाजाला मोठे नवल वाटे.

जात, नाते आणि मोजपट्टी

बर्लिनहून आणलेली मोजपट्टी इरावतीबाईंनी खाली ठेवली नाही. महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची डोकी, नाके, उंची त्यांनी वर्षानुवर्षे मोजली. त्यासाठी खेडोपाडी, डोंगराळ मुलखात हिंडल्या. विष्णु महादेव दांडेकर यांच्यासमवेत केलेला महाराष्ट्रातील शरीरमापनाचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिझले याने नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरते, असा सिद्धांत मांडला होता. त्या परंपरेचीच साधने इरावतीबाईंनी वापरली, पण त्यांतून काढलेला अर्थ वेगळा होता. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोटजाती एका मूळ जातीच्या फाळण्या होऊन तयार झाल्या, असे सामान्यतः समजले जाई. इरावतीबाईंच्या मते यांतील पुष्कळ पोटजातींचे मूळ स्वतंत्र होते. धंद्याच्या किंवा दर्जाच्या सारखेपणामुळे त्यांना एक नाव मिळाले. जात म्हणजे विस्तारलेला आप्तसमूह, ही त्यांची व्याख्या यातूनच आली. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींवर त्यांनी केलेले संशोधन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही याच मताला पुष्टी देणारे होते.

आजचे अभ्यासक या कामाकडे दुहेरी नजरेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. माणसांना मोजून गटांत बसवण्याची जी रीत युरोपात इतकी घातक ठरली, ती इरावतीबाईंनी भारतात चालू ठेवली. ज्या गृहीतकाची फोड त्यांनी बर्लिनमध्ये मापांनी केली, त्यामागच्या पद्धतीचाच त्याग करावा, असे त्यांना वाटलेले दिसत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, त्या केवळ मापांवर कधीच थांबल्या नाहीत. लोकांच्या ओव्या, नातेवाचक शब्द, लग्नाचे रीतिरिवाज, वारी, बाजार या सर्वांना त्यांनी पुरावा मानले.

याचे उत्तम फळ म्हणजे ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा १९५३ सालचा ग्रंथ. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे भारताचे चार विभाग कल्पून भाषा, विवाह आणि नातेसंबंध यांची सांगड त्यांनी घातली. मामाच्या मुलीशी लग्न उत्तरेत निषिद्ध, दक्षिणेत इष्ट, आणि महाराष्ट्रात दोन्ही प्रथांचे मिश्रण, हे मराठी माणसाला घरात ठाऊक असते. त्याला शास्त्राची चौकट या ग्रंथाने दिली. या ग्रंथाच्या निमित्ताने पन्नासच्या दशकाच्या आरंभी त्या लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत राहिल्या आणि अमेरिकेचाही प्रवास केला. पूर्वी कर्ज काढून विद्यार्थिनी म्हणून गेलेल्या इरावतीबाई आता निमंत्रित विद्वान म्हणून परदेशी जात होत्या. ‘हिंदू सोसायटी : अॅन इंटरप्रिटेशन’ हा त्यांचा दुसरा महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ १९६१ चा.

ललित लेखन

‘परिपूर्ती’ (१९४९), ‘भोवरा’ (१९६०) आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले ‘गंगाजल’ (१९७२) हे त्यांचे ललित निबंधसंग्रह. घर, मुले, प्रवास, सासरची माणसे अशा साध्या विषयांतून त्या सहज मोठ्या प्रश्नांपर्यंत पोचतात. ‘परिपूर्ती’ या निबंधात अमक्याची मुलगी, तमक्याची सून आणि पत्नी अशी ओळख एका सभेत करून दिली जाते. ती ऐकताना काहीतरी राहिले असे लेखिकेला वाटत राहते, आणि ते राहिलेले रस्त्यावरच्या मुलांच्या बोलण्यातून तिला सापडते. डॉक्टरेट घेतलेल्या स्त्रीने हे लिहावे, यात कौतुक आणि उपहास दोन्ही आहेत. किती कौतुक आणि किती उपहास, हे वाचकांनी आपापल्या परीने ठरवले आहे.

नास्तिक वातावरणात वाढलेल्या इरावतीबाई पंढरीच्या वारीत पायी चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिले. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे स्वयंपाकाला मात्र वेगळे बसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. या लेखाचा इंग्रजी अनुवाद दिनकररावांनी केला आणि तो १९६२ मध्ये अमेरिकेतील एका विद्वत्पत्रिकेत छापून आला.

‘युगान्त’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे देवत्व बाजूला ठेवून, हाडामांसाची माणसे म्हणून त्यांनी पाहिले. त्यांची मते सर्वांना पटली नाहीत. विशेषतः भीष्मावरील आणि कुंती-विदुर संबंधावरील तर्कांनी वाद निर्माण झाले. पण पुरावा समोर मांडायचा, तो जिथे नेईल तिथे जायचे आणि थोर नावाला भिऊन निष्कर्ष मागे घ्यायचा नाही, हा बर्लिनच्या प्रबंधातला स्वभाव या पुस्तकातही आहे.

अखेरची वर्षे

कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणे ही देशाची नवी तीर्थक्षेत्रे मानली जात असताना, त्यांच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांचे पुढे काय झाले, हे घरोघरी जाऊन विचारणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांपैकी तो एक होय. त्याच वर्षी ‘युगान्त’ची त्यांनीच सिद्ध केलेली इंग्रजी आवृत्ती निघाली.

११ ऑगस्ट १९७० रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या त्यांच्या दोन्ही कन्या पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आल्या.